खूण कानावर, की वाघरीवर?

"अश्विनी, माझं नाव गेलं," एवढे एकच वाक्य बोलून मंगलताईंनी फोन ठेवला, तेव्हा मी बारामतीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या कार्यालयात एका दूध संकलन केंद्राच्या सॉफ्टवेअरमधली चूक शोधत होते. वीज गेली, पाणी गेले, जनावर गेले, असे निरोप आमच्याकडे नेहमीचे. नाव गेल्याचा निरोप पहिलाच होता.

मंगलताई सुप्याजवळच्या वस्तीवर उस्मानाबादी शेळ्या पाळतात आणि पैदाशीचे बोकड विकतात. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या शेळी-मेंढी पालकांचा एका मोठ्या कंपनीच्या समाजमाध्यमावर गट होता. कोणते करडू कोणत्या बोकडाचे, कोणाचे दात किती, कोणी कुठून नेले आणि नेल्यावर काय म्हटले, हे सगळे तिथे वर्षानुवर्षे साठत गेले होते. कंपनीच्या नियमांत जिवंत जनावरांच्या विक्रीला बंदी होती. ती राबवणारा संगणकीय प्रोग्रॅम एके दिवशी आमच्या गटापर्यंत पोहोचला आणि गट पुसून मोकळा झाला. मी तक्रार नोंदवली. ‘आम्ही आपली बाजू काळजीपूर्वक तपासली आहे’ असे उत्तर इतक्या तत्परतेने आले, की तपासणारा श्वास घेणारा नव्हता हे उघड होते.

पैदाशीच्या धंद्यात जनावराइतकीच त्याच्या घराण्याची किंमत असते. मंगलताईंना लातुराकडचे गिऱ्हाईक ओळखत होते ते चेहऱ्याने नव्हे, तर त्या नोंदींनी. नोंदी गेल्या, मागे राहिल्या शेळ्या, आणि शेळ्या काय, सगळ्यांकडेच असतात.

मी मूळची बारामतीजवळच्या जळोचीची. पदव्युत्तर शिक्षण भौतिकशास्त्रातले, त्यानंतरचे काम संगणकांच्या जाळ्यांवरचे. पुण्यात राहिले असते तर बरे झाले असते, असे मला अनेकांनी ऐकवले. माझे मत उलट होते. विकेंद्रित समाजजाळी, म्हणजे ज्यांना एकच मालक नसतो अशी समाजमाध्यमे, जगभर उभी राहत होती आणि त्यांच्या रचनेवर विद्वान मंडळी कडाडून वाद घालत होती. त्या वादाचा निकाल लावायला खरी गरज असलेली माणसे लागतात. ती माझ्याकडे होती.

बाहेरच्या वाचकासाठी थोडे सोपे करून सांगते. दोन अनोळखी संगणकांनी एकमेकांशी कसे बोलायचे याची ठरलेली रीत म्हणजे प्रोटोकॉल. ईमेल तशाच रीतीवर चालते; तुमचे खाते एका कंपनीचे, माझे दुसरीचे, तरी पत्र पोहोचते. हीच सोय समाजमाध्यमाला द्यायची, तर तीन प्रश्न सोडवावे लागतात: नाव कोणाच्या ताब्यात, लिहिलेले कुठे साठते, आणि सगळ्यांचे लिहिणे एकत्र कोण दाखवते? प्रत्येक रचना यांतले काही छान सोडवते आणि काही मुकाट्याने दुसऱ्याच्या गळ्यात घालते. माझे काम हे दुसरे शोधून काढण्याचे.

त्यासाठी इंदापूर तालुक्यातल्या कळसला बैठक झाली. तिथले तात्या हे मंगलताईंच्या माहेरचे, भावकीतले. मेंढ्यांचा मोठा कळप विकून, चार शेळ्या ठेवून आता ऊस करणारे, तरी बाजाराच्या दिवशी घरात न थांबणारे. जुना गट तेच सांभाळत.

"आमाला काय पायजे ते सांगू का?" तात्यांनी सुरुवात केली. "एक, नाव आमचं. दोन, अख्खा बाजार एका नजरेत. तीन, रुमाल."

"रुमाल?"

"आगं, रुमालाखाली हात घालून भाव ठरतो. बोटं दाबायची. बगणाऱ्याला रुमाल दिसतो, भाव दिसत न्हाय. त्यो रुमाल तुझ्या जाळ्यात पायजे."

"बाजारात बाईनं रुमालाखाली हात घालायचा नसतो, असं तुमीच म्हणला व्हता, तात्या," मंगलताई मागून म्हणाल्या. ती रीत त्यांनी पूर्वीच मोडलेली होती.

"म्हणलो व्हतो. तू ऐकलंस कुठं?"

माझ्या आयुष्यात कोणत्याही ग्राहकाने इतका नेमका आराखडा दिलेला नाही. मी त्यात एकच चाचणी जोडली. माझे आजोबा मेंढरे घेऊन दरवर्षी कोकणाच्या कडेला जात. मुक्कामी मेंढरांभोवती दोरीचे जाळे उभे करीत, त्याला वाघर म्हणतात. कळपाची ओळख मात्र वाघरीवर नसे. ती मेंढराच्या कानावर कापलेल्या खुणेत असे. वाघर बदलली तरी मेंढरू आपलेच राहायचे. तेव्हा प्रत्येक प्रोटोकॉलला मी एकच प्रश्न विचारणार होते: खूण कानावर आहे, की वाघरीवर?

पहिली निवड ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलची झाली. त्यात अनेक छोटे सर्व्हर असतात, प्रत्येकाचा एक सांभाळणारा असतो, आणि ते एकमेकांकडे निरोप पोहोचवतात. मी एक सर्व्हर बारामतीत उभा केला, दुसरा इंदापूरकरांसाठी कळसच्या नावाने. त्याचे कारभारी तात्या. नोंदणीच्या दिवशी मला न सुचलेला प्रश्न बायकांनी विचारला.

"आमी कुठं नाव घालायचं? सासरी का माहेरी?"

मी म्हटले, कुठेही घाला, फरक पडत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते खरे होते. लग्न झालेल्या जवळजवळ सगळ्या जणींनी माहेरचा सर्व्हर निवडला. सुप्याच्या मंगलताईंच्या नावापुढे कळस लागले.

"सासरच्या कागदावर नाव हायच की," त्या म्हणाल्या. "हितं तरी माहेरचं लागू दे."

ते दिवस चांगले होते. कोणी वेडेवाकडे लिहिले, तर तात्या स्वतः फोन करून त्याची कानउघाडणी करत. ओळखीच्या माणसाची नजर हा या रचनेचा मोठा गुण आहे, आणि यंत्रावर विसंबणाऱ्या कोणत्याही कंपनीला तो विकत घेता येत नाही. दोष मीच बैठकीत सांगितला होता: छोट्या सर्व्हरला फक्त आपल्या ओळखीच्यांचा बाजार दिसतो, अख्खा नाही. लोकांनी तो चालवून घेतला. याच काळात मंगलताईंकडे वजीर नावाचा बोकड वयात आला. त्याच्या जन्मापासूनचे प्रत्येक छायाचित्र, प्रत्येक शेळी, प्रत्येक करडू त्यांनी तिथे नोंदवले. पुसलेले नाव त्या पुन्हा, खडा खडा रचून उभे करत होत्या.

मग रुमाल फाटला.

लातूरच्या एका गिऱ्हाइकाशी मंगलताईंचा वजीरच्या करडांचा सौदा खासगी निरोपांतून चालला होता. भाव सांगून झाल्यावर त्यांनी शेवटी लिहिले, ‘कळसच्या तात्याला कळू देऊ नका.’ आता या जाळ्यात एखाद्याच्या खात्याचे नाव विशिष्ट खूण लावून लिहिले, की त्या माणसालाही तो खासगी निरोप जातो. फोनवर ‘तात्या’ लिहायला घेतले की पूर्ण खाते खुणेसकट आपोआप पुढे येई. मंगलताईंनी तेच दाबले. कळू देऊ नका हा निरोप, भावासकट, सर्वांत आधी तात्यांना कळला.

बाजारात चहाच्या टपरीवर तात्या चार माणसांत म्हणाले, "आमची मंगल आता लई महाग झालीया बरं का," आणि भाव सांगून टाकला.

त्या संध्याकाळी दोघांचे भांडण माझ्यासमोर, माझ्या कार्यालयात झाले.

"माझ्या रुमालात डोकं घातलंत तुमी! सर्व्हर तुमच्या हातात, म्हणून माझं बोलणं वाचता व्हय?"

"मी कशाला वाचू? तूच धाडलंस मला!"

"मी? तुमाला कळू नये म्हणून लिवलं त्ये तुमाला धाडीन? येडी हाय का मी?"

"त्ये मला कसं ठावं? माझ्या वाघरीत ऱ्हायचं अन् मलाच चोर म्हणायचं!"

तात्यांनी खिशातून फोन काढला आणि आमच्या डोळ्यांदेखत मंगलताईंचे खाते बंद केले. माझ्या हातून आजवर अनेक यंत्रणा बंद पडल्या आहेत, पण एका बोटाने एका बाईला तिच्या माहेरातून बाहेर काढताना मी पहिल्यांदा पाहिले.

घडले काय हे मी दोघांनाही तो निरोप उघडून दाखवून समजावले. तात्यांनी तो दोनदा वाचला. खाते त्यांनी लगेच चालू केले आणि भाव फोडल्याबद्दल ‘चुकलं’ असे भिंतीकडे पाहत म्हटले. पण मंगलताईंनी मुक्काम हलवायचा ठरवला होता, आणि त्यांचा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता.

"आज वाचलं न्हाय म्हणतायत, व्हय. पण मनात आणलं तर वाचता येतं का न्हाय?"

"येतं," मी म्हटले. "सर्व्हर ज्याच्या हातात, त्याला येतं."

"आणि बंद करता येतं. मग माझं नाव माझं कसं?"

खाते माहेरच्या सर्व्हरवरून माझ्या सर्व्हरवर न्यायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. मागे येणारी माणसे नव्या जागी आली असती. लिहिलेल्या नोंदी मात्र आल्या नसत्या. नोंदींची प्रत उतरवून घेता येते, दुसऱ्या सर्व्हरवर आपल्या नावाने मांडता येत नाही. म्हणजे बाई सासरी येणार आणि वजीरचे घराणे माहेरी राहणार. ॲक्टिव्हिटीपबमध्ये खूण वाघरीवर आहे. हे मी वाचलेले होते; त्या दिवशी त्याचे वजन कळले. करडे विक्रीला तयार होत होती, आणि घराणे दाखवता आले नाही तर ती मटणाच्या भावाने जाणार होती.

दुसरा प्रयोग नॉस्टरचा. या रचनेत कारभारीच नसतो. प्रत्येकाला एक गुप्त चावी मिळते, म्हणजे अक्षरांची लांब ओळ. लिहिलेल्यावर त्या चावीने सही होते आणि ते वाटेल त्या सर्व्हरवर ठेवता येते. सर्व्हर निव्वळ गव्हाण. एकाने नाकारले तर दुसरीकडे जा. खासगी निरोप कुलूपबंद असतो. मजकूर सर्व्हरवाल्यालाही वाचता येत नाही. खूण थेट कानावर. कागदावर ही रचना मला सर्वांत सुंदर वाटली होती आणि आजही वाटते. मंगलताईंना मी दोनच गोष्टी बजावल्या: चावी हरवू नका आणि अनोळखी माणसाला देऊ नका.

त्यांनी दोन्ही तंतोतंत पाळल्या. रानात जाताना घराची चावी शेजारी ठेवायची ही आमच्याकडची रीत. चावी हरवू नये म्हणून त्यांनी ती थोरल्या जावेकडे, दिराकडे आणि शेजारच्या वस्तीवर ठेवली. त्यात अनोळखी कोणीच नव्हते. थोड्याच दिवसांत मंगलताईंच्या नावाने ‘वजीर विकणे नाही’ असे निवेदन झळकले आणि त्याच्याच खाली, मंगलताईंच्याच नावाने, ‘वजीर विकणे आहे, दिरांशी बोला’.

"आगं, घरात भांडण व्हतं तर चार भिंतीत व्हतं," त्या मला फोनवर म्हणाल्या. "हितं माझंच तोंड माझ्याशी भांडतंय! कुलूप बदल ह्याचं."

कुलूप बदलता येत नाही. नॉस्टरमध्ये चावी म्हणजेच माणूस; ती दुसऱ्याच्या हाती गेली की तोही तुम्हीच. ओळख संपूर्णपणे माणसाच्या हाती देणे म्हणजे चुकीचा संपूर्ण भारही त्याच्या माथी मारणे. माझ्या ओळखीतले काही अभियंते याला स्वातंत्र्य म्हणतात. त्यांच्या घरात जावा-दीर राहत नसावेत.

तिसरा होता एटी प्रोटोकॉल. यात तीन कामे तीन ठिकाणी वेगळी केलेली आहेत. तुमच्या सगळ्या नोंदी सहीसकट एका पेटीत राहतात आणि ती पेटी अख्खी उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते. तुमची ओळख एका कायमच्या क्रमांकाला बांधलेली असते; तो कधीच बदलत नाही, पेटी कुठे आहे एवढीच त्याची नोंद बदलते. आणि सगळ्या पेट्यांतले लिखाण गोळा करून अख्खा बाजार दाखवायचे काम मोठी यंत्रे करतात. रोजची चावी सर्व्हरकडे असते. शिवाय एक राखीव चावी मालकाकडे ठेवता येते, जिच्या जोरावर रुसलेल्या कारभाऱ्याकडूनही आपले नाव परत घेता येते, आणि खराब झालेली चावी बदलता येते.

उणिवा मी बैठकीत स्वतः मांडल्या. ओळख-क्रमांकांची नोंदवही बहुतेक सगळ्यांसाठी एकाच ठिकाणी आहे. अख्खा बाजार दाखवणारी यंत्रे खर्चिक आहेत आणि ती आपली नाहीत. पेटीत लिहिलेले सगळे जाहीर असते, म्हणून रुमाल मुळीच नाही.

"म्हंजी फिरून कंपनीच की," तात्या म्हणाले. मंगलताईंपासून ते चार माणसे सोडून बसले होते.

"गेल्या वेळी कंपनीनं गट पुसला, तेव्हा काय झालं, तात्या?"

"सगळं गेलं."

"आता कंपनी उठून गेली, तरी फक्त बाजार उठेल. जनावरं आपापल्या घरी राहतील, खुणेसकट. बाजार दुसरा भरवता येतो."

"आन् रुमाल?"

"रुमाल मी बांधणार नाही. जे झाकता येत नाही, ते झाकलं आहे असं दाखवणं ही फसवणूक आहे. जाळ्यावर जनावर दाखवा, घराणं दाखवा. भाव बाजारात, खऱ्या रुमालाखाली ठरवा."

हा निर्णय माझ्या व्यावसायिक आयुष्यातला सर्वांत चांगला निर्णय आहे असे मी मानते, आणि त्यात मी काहीही बांधलेले नाही.

एक अडचण मात्र उरली, आणि ती खरी होती. माहेरच्या सर्व्हरवरून उतरवलेल्या वजीरच्या नोंदी नव्या पेटीत भरण्यासाठी मी प्रोग्रॅम लिहिला. नोंदी आल्या. पण पेटीत घातलेली तारीख ही लिहिणाऱ्याची स्वतःची असते. जाळे प्रत्येक नोंदीखाली प्रामाणिकपणे सांगू लागले, की ही जुन्या तारखेची म्हणून आणली आहे, आम्ही ती आजच पाहिली. लातूरच्या गिऱ्हाइकाने अगदी रास्त प्रश्न विचारला: घराणे काल संध्याकाळी लिहून काढले नाही कशावरून?

गणिती सहीने एवढेच सिद्ध होते, की हे मंगलताईंनी लिहिले. कधी लिहिले हे सांगायला साक्षीदार लागतो. त्या नोंदी येताना ज्याच्या सर्व्हरने पाहिल्या, असा साक्षीदार एकच होता.

या प्रोटोकॉलमध्ये कोणालाही दुसऱ्याच्या नोंदीवर आपले लेबल लावता येते. नोंद बदलत नाही, पुसता येत नाही. शेजारी ‘अमुक असे म्हणतो’ एवढेच दिसते. मी तात्यांसाठी एक साधे पान केले: नोंद, त्यांच्या सर्व्हरवरची मूळ तारीख, आणि खाली एक बटण, ‘मी पाहिले आहे’.

"मंगलनं सांगितलंय का?" त्यांनी विचारले.

"नाही. मी विचारते आहे."

"तिला इचार आदी. न्हायतर पुन्हा म्हणंल, डोकं घातलं."

मी मंगलताईंना विचारले. त्या शेळ्यांना पाला टाकत राहिल्या. पाटी रिकामी झाल्यावर म्हणाल्या, "लावू दे. पण बगून लावायचं म्हणावं. माझं हाय म्हणून न्हाय."

तात्यांनी बगून लावले. सगळ्या नोंदी एकदम निवडायचे बटणही मी दिले होते. ते त्यांनी वापरले नाही. छायाचित्र मोठे करून, कान पाहून, एकेक. अधूनमधून मला फोन येई, "हिचा डावा कान पांढरा हाय, पुढच्या फोटुत काळा कसा?" आणि मग, "आरं व्हय, आरशासारका उलटा काढलाय." अखेर सगळ्या नोंदींना लेबल लागले, सुलतान नावाच्या करडाची एक सोडून.

मंगलताई थेट कळसला गेल्या. मला बरोबर घेऊन.

"सुलतानला का लावलं न्हाय, तात्या? त्यो वजीरचाच हाय."

"न्हाय."

"मी सांगतीया न्हवं!"

"मंगल, सुलतानची आय गाभण गेली त्या महिन्यात वजीर कुठं व्हता?"

त्या बोटांवर महिने मोजू लागल्या.

"माझ्या गोठ्यात व्हता," तात्या म्हणाले. "तूच आणून सोडला व्हतास, माझ्या शेळ्यांसाठी. महिनाभर माझी मका खाल्ली त्यानं. सुलतान दुसऱ्या कुणाचा हाय. चांगला हाय, पण वजीरचा न्हाय."

मंगलताईंनी गोठ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. परतीच्या वाटेवर त्या एवढेच म्हणाल्या, "खरं हाय त्याचं." घरी पोहोचताच त्यांनी त्या नोंदीखाली स्वतःच्या नावाने लिहिले: ‘हा वजीरचा नाही. माझी समजूत चुकीची होती.’ नोंद त्यांनी ठेवली, पुसली नाही.

लातूरचे गिऱ्हाईक नेमके लेबल नसलेल्या त्या एकाच नोंदीवर अडकले होते. ते वाचून त्याची खात्री पटली आणि त्याने बाजारात येतो असे कळवले.

कळसचा जुना सर्व्हर अजून चालू आहे. पाच-पंचवीस बायकांनी नव्या जाळ्यावर यायला नकार दिला, आणि तिथल्या गप्पांना जी ऊब आहे, ती मला नव्या यंत्रणेत आणता आलेली नाही. याची खंत आहे. पुढे जनावरांपुरते का होईना, अख्खा बाजार दाखवणारे यंत्र आपलेच असावे, इथेच असावे, या कामाला मी लागले आहे, आणि ते होईल.

सौद्याच्या दिवशी मी मुद्दाम बाजारात गेले. वजीरची दोन करडे दावणीला होती. गिऱ्हाइकाने खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला, मंगलताईंनी पदर खोचून हात खाली घातला, आणि भोवतालची माणसे रुमालाकडे पाहू लागली. तात्या दोन पावलांवर उभे होते. त्यांनी चटकन पाठ फिरवली आणि उसाच्या एका ट्रॉलीकडे अत्यंत आस्थेने पाहू लागले.

"तात्या," मंगलताई रुमालाखालचा हात न हलवता म्हणाल्या, "हिकडं तोंड करा की. साक्षीला बोलावलंय तुमाला."

"नगं बाई. पुन्हा म्हणशील, बगितलं."

"बगा हो. रुमाल जाड हाय."